एका नव्या पैशाचा दावा

वसंतात व्याख्यानमाला भरवावयाची आणि तीत एका वृत्तपत्राच्या मालकाचे चरित्र सांगावयाचे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. संपादकांची चरित्रे आपण आवडीने ऐकतो. जांभेकर, आगरकर, टिळक ही नावे मेहकरच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. मालक मात्र पडद्याआड राहतो, आणि पुढे आलाच तर बहुधा देणगीच्या शिलालेखावर. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते डॉ. नारायण भिकाजी परुळेकर, म्हणजे पुण्याच्या ‘सकाळ’चे संस्थापक नानासाहेब, संपादकही होते, मालकही होते आणि दातेही होते. त्यांचे खरे दान कोणते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या गृहस्थांनी 1 जानेवारी 1932 रोजी ‘सकाळ’ सुरू केला. काळ बिकट होता. तीनच दिवसांनी गांधीजींना अटक झाली आणि देशभर सरकारी दडपशाहीचा वरवंटा फिरू लागला. त्यापूर्वीची आपली बहुतेक नामांकित पत्रे ही मतपत्रे होती. अग्रलेख हा त्यांचा प्राण. बातमी ही त्याची दासी. नानासाहेबांनी बातमीला घरच्या लक्ष्मीचा मान दिला. भाषा सोपी ठेवली, गावोगावचे बातमीदार जोडले, आणि सामान्य माणसाच्या रोजच्या अडचणींना छापील जागा दिली. पत्र कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधावयाचे नसेल तर ते स्वतःच्या मिळकतीवर उभे राहिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. हिशेबाची वही नीट असेल तरच लेखणी ताठ राहते. हा व्यापाऱ्याचा धडा आमच्या विद्वानांना फार उशिरा समजला!

या वहीवरच पुढे प्रसंग आला. पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 साली अशी शिफारस केली होती की, पत्राची पाने व किंमत यांचे प्रमाण ठरवून द्यावे. त्यामागचा हेतू अगदीच वाईट होता असे म्हणता येणार नाही. धनाढ्य पत्रे थोडक्या पैशांत पुष्कळ पाने देऊन लहान पत्रांचा गळा घोटतात, तो घोटू नये, असा तो हेतू होता. त्याप्रमाणे 1956 साली कायदा झाला आणि 1960 साली त्याखाली सरकारी आदेश निघाला.

त्या वेळी ‘सकाळ’चा अंक सात नव्या पैशांना मिळे. आठवड्यातील पाच दिवस सहा पाने व एक दिवस चार, अशी सहा दिवसांची चौतीस पाने होत. रविवारचा अंक निराळा. खप सुमारे 52 हजार. नव्या आदेशाप्रमाणे सात पैशांत सहा दिवसांची मिळून चोवीसच पाने देता येत होती. चौतीस द्यावयाची तर किंमत आठ पैसे करणे भाग होते. म्हणजे एक तर दहा पाने कापा, नाही तर एक पैसा वाढवा. एका पैशाने काय होते, असे कोणी म्हणेल. पण जे गाव रेल्वेपासून दूर आहे, जेथे एक अंक चहाच्या दुकानात दहा जण वाचतात, तेथे पैशाची किंमत निराळी असते. आणि कापलेल्या पानांत प्रथम कोणाची बातमी जाते? दिल्लीची जात नाही. मेहकरसारख्या गावाची जाते.

नानासाहेबांची कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. विशेष हे की, ‘सकाळ’च्या दोन वाचकांनीही आपले स्वतंत्र अर्ज दाखल केले. मालक आणि वाचक एकाच बाजूस उभे राहिल्याचे असे उदाहरण विरळा. 25 सप्टेंबर 1961 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायदा व तो आदेश रद्दबातल ठरविला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती मुधोळकर यांनी. आपल्या अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर, जे 1912 च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांचे हे चिरंजीव. वऱ्हाडच्या माणसास याचा अभिमान वाटला तर तो अस्थानी नव्हे. न्यायालयाचा आशय असा होता: बोलण्याच्या स्वातंत्र्यात जे बोलले ते लोकांपर्यंत पोहोचविण्याचे स्वातंत्र्यही येते. धंद्यावर सार्वजनिक हितासाठी बंधने घालता येतील. पण त्याच सबबीखाली विचाराचा प्रसार आखडता येणार नाही. पुढे ऑक्टोबर 1972 मध्ये कागदाच्या नियंत्रणाविषयीच्या दुसऱ्या एका मोठ्या दाव्यात याच निकालाचा आधार घेण्यात आला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 8 जानेवारी 1973 रोजी, नानासाहेब निवर्तले.

आता त्यांचे दातृत्व. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यांना आधार देणारे ‘इंडिया फाउंडेशन’ त्यांनी 1959 साली स्थापन केले. या संस्थेची शिष्यवृत्ती बिनव्याजी कर्जाच्या रूपाने दिली जाते. एकाने फेडलेला पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. हे दान घेणाऱ्यास लाचार करीत नाही, ऋणको करते. आणि ऋण फेडता येते, उपकार फेडता येत नाहीत. असो.

आम्हांस तर वाटते की फाउंडेशन हे त्यांचे दुसरे दान होय. पहिले दान म्हणजे तो न वाढविलेला पैसा आणि ती न कापलेली दहा पाने. पैसा वाढवून आणि सरकारकडे बोट दाखवून त्यांना स्वस्थ बसता आले असते. फायदा वाढल्यावर एखादी धर्मशाळाही बांधता आली असती. पुष्कळ मालक तसेच करतात, आणि आपण त्यांच्या नावाच्या पाटीपुढे हात जोडतो.

1985 साली ‘सकाळ’ पवार कुटुंबाकडे गेला. मालकी बदलते, तो काळाचा धर्मच आहे. आज तर बातमी हातातल्या फोनवर फुकट येऊन पडते, सात पैसेही लागत नाहीत. परंतु ज्या बातमीचे दाम वाचक देत नाही, तिचे दाम दुसरा कोणी तरी देत असतो, आणि दाम देणाऱ्याचा शब्द चालतो. तेव्हा श्रोतेहो, उद्या कोणा पत्रमालकाचा दानशूर म्हणून सत्कार करण्याची वेळ आपल्या गावावर आली, तर हार जरूर घाला. पण त्याआधी त्याच्या पत्रात आपल्या पैनगंगेकाठची बातमी कोणत्या पानावर छापून येते, आणि येते की नाही, हे एकदा उलगडून पाहा.