गाणं रेकॉर्ड करायला कुठला कॉम्प्युटर घेऊ?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, घरी गाणं रेकॉर्ड करायचंय. विंडोज घेऊ, मॅक घेऊ की लिनक्स टाकू?" एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा प्रश्न तसा जुनाच. १९८५ साली अटारी एसटी आला. प्रोसेसर जेमतेम ८ मेगाहर्ट्झचा, पण मिडीच्या जोडण्या मशीनलाच होत्या. कीबोर्ड लावा आणि वाजवा! १९८९ मध्ये क्युबेस आलं तेही आधी त्याच्यावरच. अर्थात मिडी म्हणजे आवाज नव्हे. कुठला सूर कधी आणि किती जोरात वाजला, याची नुसती नोंद. खरा आवाज सीडीच्या दर्जाने साठवायला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. तेव्हाच्या डिस्कचा जीव तो केवढा!

पुढे डिस्क वाढल्या, पण उशिराचं दुखणं राहिलं. आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत हेडफोनमध्ये येईपर्यंत वेळ जातो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले आणि बफर १०२४ नमुन्यांचा असला, तर एका बफरलाच २३ मिलिसेकंद. तेवढ्यात हवेतला आवाज ८ मीटर जातो. म्हणजे तबलजीला हॉलच्या पार टोकाला बसवल्यासारखं! यावर विंडोजवाल्यांना १९९७ पासून एएसआयओ मिळालं, मॅकवाल्यांना २००१ मध्ये ओएस टेनबरोबर कोअर ऑडिओ. लिनक्सचा रिअल-टाइम पॅच अनेक वर्षं बाहेर राहून २०२४ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आला.

आणि सॉफ्टवेअर? २००२ मध्ये ॲपलने लॉजिकची कंपनी एमॅजिक विकत घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं. ज्यांनी त्यावर गाणी रचली होती, त्यांनी करायचं काय?

माझं दुसऱ्या एका सॉफ्टवेअरने असंच झालं. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी घरीच रेकॉर्ड केल्या होत्या. त्या सॉफ्टवेअरने आवाजही स्वतःच्याच फायलीत कोंडला होता. कॉम्प्युटर बदलला, सॉफ्टवेअर बंद पडलं, फाईल उघडेना. एक ओवी तेवढी मावशीला पाठवायची म्हणून वेव्ह फाईल करून ठेवली होती. आज आईचा गाता आवाज आहे तो तेवढाच.

भाच्याला म्हटलं, मशीन तुला जमेल ते घे. २५६ च्या बफरवर आवाज न तुटता चालला की झालं. पण प्रत्येक ट्रॅक त्याच दिवशी वेव्हमध्ये काढ, आणि दोन ठिकाणी ठेव.

असो. तुमच्याही जुन्या फायली एकदा उघडून बघा, मंडळी.