लिओ मॉरिसचा इद्रिस मुहम्मद झाला तेव्हा

१९६७ साली अमेरिकेतल्या ब्लू नोट कंपनीने सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसन यांची ‘अ‍ॅलिगेटर बोगालू’ ही रेकॉर्ड काढली. तिच्यावर ड्रमरचं नाव आहे लिओ मॉरिस. पुढे १९७० साली प्रेस्टिज कंपनीसाठी ‘ब्लॅक ऱ्हिदम रेव्होल्यूशन’ रेकॉर्ड झाली. तिच्या कव्हरवर नाव आहे इद्रिस मुहम्मद. माणूस एकच.

लिओचा जन्म १३ नोव्हेंबर १९३९ चा, न्यू ऑर्लिन्सचा. या शहरात अंत्ययात्रेबरोबर बँड असतो. आपला जनाजा कलमा पुटपुटत शांतपणे जातो, त्यामुळे आपल्याला हे विचित्र वाटेल. दफनभूमीकडे जाताना संथ सूर आणि परतताना एकदम नाचती लय. बँडमागे नाचत चालणाऱ्या लोकांना तिथे ‘सेकंड लाइन’ म्हणतात. या बँडमध्ये मोठा ढोल एकाच्या गळ्यात, तर छोटा स्नेअर ड्रम दुसऱ्याच्या. लिओने या दोघांचं काम एकट्याने, बसून, हातापायांवर वाटून घेतलं. त्याच्या वाजवण्यात रस्त्यावरची ती चाल आयुष्यभर राहिली.

किशोरवयातच तो आर्ट नेव्हिल यांच्या ‘हॉकेट्स’ या बँडबरोबर वाजवू लागला. नंतर सॅम कुक, जेरी बटलर, कर्टिस मेफिल्ड यांची साथ केली. ऱ्हिदम अँड ब्लूजमधली ही त्या काळची मोठी नावं. पण तेव्हाच्या छोट्या रेकॉर्डवर गायकाचं नाव छापत, गीतकाराचं छापत. ड्रमरचं बहुधा नाहीच. त्याला वाजवल्याचे ठरलेले पैसे मिळत, आणि हिशेब तिथेच संपे.

१९६० च्या दशकात त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि इद्रिस मुहम्मद हे नाव घेतलं. इद्रिस हे पैगंबरांचं नाव. जुने जाणकार ते ‘दर्स’ या शब्दाशी, म्हणजे शिकण्या-शिकवण्याशी जोडतात. माझ्यासारख्या शिक्षकाला ते आवडणारच!

धंद्याच्या दृष्टीने मात्र ही जोखीम होती. १९६४ मध्ये कॅशियस क्लेचे मुहम्मद अली झाले, तरी कित्येक वर्तमानपत्रं पुढे अनेक वर्षं जुनंच नाव छापत राहिली. ड्रमर आर्ट ब्लेकी यांनीही मुस्लिम नाव घेतलं होतं, पण रेकॉर्डवर जुनंच ठेवलं. मी त्यांना दोष देणार नाही. पोट नावावर चालत होतं. इद्रिस यांनाही कुणीतरी बजावलं, की मॉरिस आणि मुहम्मद एकच आहेत हे लोकांना कळणार नाही. त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं, की मी तोच राहिलो तर लोक ओळखतील असं मला वाटलं, आणि तसंच झालं. वाजवण्यावरून लोकांनी त्यांना लगेच ओळखलं.

त्यांच्या पत्नी ला ला ब्रुक्स यांची गोष्ट वेगळी. ‘द क्रिस्टल्स’च्या १९६३ च्या ‘दा डू रॉन रॉन’ या गाण्यातला मुख्य आवाज त्यांचा. त्याही मुस्लिम झाल्या, सकीना मुहम्मद झाल्या. पण मंचावर पुढे त्या पुन्हा ला ला ब्रुक्स म्हणूनच गाऊ लागल्या. गायिकेचा आवाज नावासकट विकला जातो. ड्रमरचं नाव मुळात कुणी विकतच नव्हतं, म्हणून कदाचित इद्रिस यांना ते बदलणं थोडं सोपं गेलं असेल.

‘हेअर’ या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकात त्यांनी काही वर्षं वाजवलं. रोजचा खेळ, बांधलेली कमाई. १९७४ मध्ये ‘पॉवर ऑफ सोल’ आली. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत चांगलं काम. त्यातल्या ‘लोरान्स डान्स’चा तुकडा १९८९ मध्ये बीस्टी बॉइजने आपल्या रेकॉर्डमध्ये वापरला. अशा वापराचे पैसे धून आणि रेकॉर्डिंग ज्यांच्या मालकीचं, त्यांच्याकडे जातात. नुसत्या ठेक्यावर ड्रमरला हक्क सांगता येत नाही.

१९९० च्या दशकात ते पियानोवादक अहमद जमाल यांच्याकडे आले आणि बरीच वर्षं राहिले. जमाल हे जन्माने फ्रेडरिक जोन्स. त्यांनी १९५० च्या सुमारास नाव बदललं होतं. दोन नवमुस्लिम वृद्ध जगभर एकत्र फिरले, आणि एव्हाना त्यांची जुनी नावं कुणी विचारत नव्हतं.

२९ जुलै २०१४ रोजी इद्रिस वारले. पुढच्याच वर्षी जेमी एक्सएक्स या ब्रिटिश संगीतकाराने त्यांच्या १९७७ च्या ‘कुड हेवन एव्हर बी लाइक धिस’ मधला भाग घेऊन ‘लाउड प्लेसेस’ हे गाणं केलं. त्याने उचलला तो मुख्यतः कोरस.