बस्त्याच्या पेठेची कुळकथा

राधानगरी तालुक्यात लग्न ठरलं की मंडळी बस्ता बांधायला कोल्हापूर ओलांडून गांधीनगरला जातात. मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, सगळं तिथं ठोक भावात मिळतं. पण एवढी मोठी कापडपेठ शहर सोडून वळिवड्याच्या माळावर कशी वसली?

या मुलखात पेठा राजाच्या आज्ञेनं वसत. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, १९०८ मध्ये राधानगरी, १९१७ मध्ये जयसिंगपूर. गांधीनगर मात्र पेठ म्हणून कुणी आखलंच नव्हतं. त्याचं मूळ शोधायला पोलंडला जावं लागतं.

१९४० पासून सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर चाल केली आणि त्यांच्या सुटकेची वाट उघडली. त्यांच्यातूनच जनरल अँडर्स यांचं सैन्य उभं राहिलं, इराणमार्गे बाहेर पडलं आणि १९४४ मध्ये इटलीत माँते कासिनोला लढलं. बायका, मुलं, म्हातारे यांचं काय करायचं? त्यांच्यातल्या सुमारे पाच हजारांसाठी १९४३ मध्ये वळिवड्याला बराकी उठल्या. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकंसुद्धा; माळावर पोलंडचं एक गावच उभं राहिलं.

खर्च लंडनमध्ये बसलेल्या परागंदा पोलिश सरकारचा. कुटुंबांना महिन्याचा भत्ता मिळे आणि चूल ज्याची त्याची असे. मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एकच मोठा भटारखाना असता तर पैसा कंत्राटदाराच्या गल्ल्यात गेला असता. घरोघर चूल म्हटल्यावर भाजी, दूध, अंडी विकणाऱ्याशी रोजचा व्यवहार आला. पण १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेनं त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. मग खर्च आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडं गेला, आणि १९४८ पर्यंत माणसं जगभर पांगली.

ज्या गिऱ्हाइकावर आपला काडीचा ताबा नाही, त्याच्या जिवावरचा हा भाजी-दुधाचा धंदा. परक्यांची छावणी म्हणजे गावाची भरभराट, असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

तरी वळिवड्याला काही उरलंच: रिकाम्या बराकी, आणि कोल्हापूर-मिरज लोहमार्ग हाताशी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथंच आसरा मिळाला. जमीन नाही, शेतीचा आधार नाही. होता तो व्यापाराचा हात. त्यांच्या वसाहतीचं नाव पडलं गांधीनगर, आणि पुढं तिथल्या कापडाला कोकण आणि उत्तर कर्नाटकातलंही गिऱ्हाईक मिळालं.

कल्याणजवळ हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या ब्रिटिशकालीन लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले, १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं आणि पत्त्यात ‘कॅम्प नंबर’ आजही लिहितात. दोन्हीकडं छावणीच्या खर्चाचा पैसा केव्हाच आटला. धंदा उभा केला तो त्याच छपरांखाली नंतर आलेल्यांनी.