सांगड, फळी आणि कयाक

मासे धरणाऱ्यानें पाण्यावर उभें राहावें कीं बसावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं कोणासही क्षुल्लक वाटेल. अलीकडे पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळींत मात्र त्यावर हिरिरीनें वाद चालतो. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, रुंद फळीवर उभें राहून लांब वल्ह्यानें ती हांकावी व तेथूनच गळ टाकावा. ह्या फळीस स्टँड-अप पॅडलबोर्ड म्हणतात. दुसऱ्या पक्षास कयाक नांवाची अरुंद, दोन्ही टोकांस निमुळती होडी प्रिय. तींत पाय लांब करून बसावें आणि दुहेरी पात्याचें वल्हें मारावें. हौसेचा वाद हौशी लोकांवर सोपवून आम्हांस मोकळें होतां आलें असतें. परंतु कळमनुरीच्या आसपास ज्यांचें पोट मासेमारीवर चालतें, त्यांच्यापुढेंही गेल्या कांहीं दशकांत हाच प्रश्न उभा राहिला आहे, आणि त्याचें उत्तर देण्याचें स्वातंत्र्य त्यांना फारसें मिळालेलें नाहीं. म्हणून ह्या दोन आसनांचा इतिहास पाहणें अगत्याचें आहे.

कयाक ही मूळची क्रीडानौका नव्हे. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या हिमप्रदेशांत इन्युइट लोक सीलच्या शिकारीसाठीं ती वापरीत. त्या मुलखांत मोठीं झाडें नाहींत. समुद्रानें वाहून आणलेलें लांकूड आणि जनावरांचीं हाडें यांचा सांगाडा करून त्यावर सीलचें कातडें ताणून शिवीत. शिकारी मधल्या भोंकांत बसे व आपला कातड्याचा अंगरखा त्या भोंकाच्या कडेस घट्ट आवळी, म्हणजे माणूस आणि नाव मिळून एकच अभेद्य वस्तु होई. नाव उलटली तरी पाणी आंत शिरत नसे, आणि वाकबगार शिकारी वल्ह्याच्या एका फटकाऱ्यासरशी पुन्हां वर येई. ग्रीनलंडचा इतिहास लिहिणाऱ्या डेव्हिड क्रांत्स यानें १७६५ सालीं उलटलेली कयाक सुलटी करण्याच्या निरनिराळ्या रीति नोंदवून ठेवल्या आहेत. त्या पाण्यांत जो पडला तो थोड्याच वेळांत गारठून मरावयाचा. तेव्हां तेथें बसणें हा सुखासीनपणा नसून प्राणरक्षणाचा उपाय होता. पुढें १८६५ सालीं जॉन मॅक्ग्रेगर ह्या ब्रिटिश गृहस्थानें त्याच धर्तीवर केलेल्या 'रॉब रॉय' नामक लांकडी होडींतून युरोपांतील नद्यांचा प्रवास केला. त्यावरील त्याचें पुस्तक गाजलें, आणि शिकाऱ्याची नाव सहलीची झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें तिच्या शर्यतींस स्थान मिळालें.

उभें राहण्याची कुळकथा उष्ण प्रदेशांतील आहे. ब्रह्मदेशांतील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, इन्ले सरोवरांत इंथा जातीचे कोळी होडीच्या अगदीं टोकाला एका पायावर उभे राहतात आणि दुसरा पाय वल्ह्याभोंवतीं गुंडाळून तें मारतात. सरोवर उथळ आहे, आणि लव्हाळे व तरंगत्या वनस्पति इतक्या दाट कीं बसलेल्यास पुढची वाट दिसत नाहीं. शिवाय वल्हें पायाकडे गेल्यानें हात जाळ्यासाठीं मोकळे राहतात. पेरू देशांत हुआंचाको गांवचे कोळी लव्हाळ्याच्या भाऱ्यांची नाव करून तिच्यावर घोड्यावर बसावें तसे बसतात किंवा गुडघे टेकतात; स्पॅनिश लोकांनीं तिला 'छोटा घोडा' असेंच नांव दिलें. हवाई बेटांत वायकीकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यास लाटांवर फळी चालवावयास शिकविणारे कांहीं जण हातीं वल्हें घेऊन उभे राहूं लागले. तेथून शिष्यांवर नजर ठेवतां येई आणि त्यांचीं छायाचित्रेंही घेतां येत. इसवी सन २००० नंतर हीच रीत नव्या खेळाच्या रूपानें जगभर पसरली.

ह्या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. उभें राहण्याचा मुख्य लाभ डोळ्यांना होतो. तो किती, हें साध्या हिशेबानें दाखवितां येईल. उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून सुमारें ५ फूट उंच असतात. पाण्यालगत बसलेल्याचे सुमारें अडीच फूट. १५ फुटांवरील पाण्याकडे पाहतांना पहिल्याची दृष्टि पृष्ठभागाशीं साधारण १८ अंशांचा कोन करते, दुसऱ्याची साडेनऊ अंशांचा. प्रकाशशास्त्राच्या नियमाप्रमाणें संथ पाणी पहिल्या कोनांत आकाशाचा सुमारें एक षष्ठांश प्रकाश परतवितें, तर दुसऱ्या कोनांत एक तृतीयांशाहूनही अधिक. म्हणजे उभ्याला जेथें मासा दिसतो, तेथें बसलेल्याच्या डोळ्यांवर आभाळच चकाकतें. मात्र ह्या लाभाची किंमतही द्यावी लागते. उभें राहतांच शरीराचा गुरुत्वमध्य वर जातो, तोल नाजूक होतो, आणि वारा सुटला कीं माणूस स्वतःच एक शीड बनतो. उथळ, नितळ व निवांत पाणी उभें राहा म्हणतें. खोल, थंड व वाऱ्याचें पाणी खालीं बस म्हणतें. आसन निवडतें तें पाणी. माणसाची आवड मागाहून येते.

आपल्या देशानें ह्या दोहोंमध्यें एक तिसरी वाट पूर्वींच काढली होती. तमिळ किनाऱ्यावरील कट्टुमरम म्हणजे शब्दशः 'बांधलेलें लांकूड'. इंग्रजींतील कॅटमरन हा शब्द त्यावरूनच आला. हलक्या लांकडाचे ओंडके दोरांनीं एकत्र आवळलेले असतात. लाटेचें पाणी त्यांच्या फटींतून निघून जातें, त्यामुळें पाणी भरून बुडण्याची भीति नाहीं. कोळी त्यावर गुडघे टेकून वल्हें मारतो आणि कामापुरता उभा राहतो. विल्यम डॅम्पियर ह्या इंग्रज दर्यावर्दीनें १६९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांत कोरोमंडल किनाऱ्यावरील एकाच माणसापुरत्या लहानशा तराफ्याचा उल्लेख आहे. त्यावर बसलेल्याचे पाय व बूड सदा पाण्यांतच असत, असें तो सांगतो. हा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, पुढें त्याचें काम पडेल. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले जेम्स हॉर्नेल यांनीं १९२० सालीं भारतीय नौकांच्या घडणीवर प्रबंध लिहिला आणि १९४६ सालीं 'वॉटर ट्रान्सपोर्ट' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जहाजांच्या इतिहासांत तरंगत्या ओंडक्याला व तराफ्याला मानाचें पान देणारे जे थोडे विद्वान झाले, त्यांत त्यांची गणना करावी लागेल.

मराठी भाषेंत ह्या तराफ्याच्या कुळांतला एक जुना शब्द आहे : सांगड. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशांत दोन होड्या एकत्र बांधून केलेलें तरतें साधन हा त्याचा एक अर्थ आहे, आणि पोहण्यासाठीं एकमेकांस जोडलेले दोन भोपळे हा दुसरा. आपण विचारांची आणि आचारांची सांगड घालतों, तेव्हां नकळत नदींत उतरूं पाहणाऱ्या माणसाचीच भाषा बोलत असतों. एक भोपळा माणसाच्या भारानें गरकन फिरतो. दोन बांधले कीं स्थिर होतात. रुंदी म्हणजे स्थैर्य हें तत्त्व आजचे फळी बनविणारे कारखानदार ज्या आत्मविश्वासानें सांगतात, त्याच आत्मविश्वासानें तें ह्या शब्दांत सांगून ठेविलें आहे.

आतां कळमनुरीकडे वळूं. नर्सी नामदेवावरून व हिंगोलीजवळून येणारी कयाधू ह्याच तालुक्यांतून पुढें जाऊन पैनगंगेस मिळते. पैनगंगा ही एके काळीं निजामी मराठवाडा आणि वऱ्हाड यांमधील सीमा होती. ह्या नद्या पावसाळ्यांत दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यांत त्यांचे डोह तेवढे उरतात. मराठवाड्यांतील भोई समाज पालखी वाहण्यासाठीं जितका प्रसिद्ध, तितकाच मासेमारीसाठींही. डोहाच्या कडेला कमरेइतक्या पाण्यांत उभें राहून फेकजाळें टाकावयाचें, ही त्या पाण्याला साजेशी रीत. हें जाळें बसून टाकतां येत नाहीं. त्याची घडी खांद्यावर व कोंपरावर घेऊन कमरेपासून सारें अंग फिरवावें लागतें, तेव्हां कुठें तें हवेंत गोल उघडून पाण्यावर पडतें. मासा कोठें वळला हें डोळ्यांनीं हेरावयाचें, पायांनीं तळ चांचपावयाचा आणि हातांनीं जाळें सोडावयाचें, अशी ती विद्या. इन्लेचा कोळी आणि पैनगंगेचा भोई यांनीं एकमेकांचें नांवही ऐकलें नसेल. पण उथळ पाण्यानें दोघांनाही उभें राहावयास शिकविलें होतें.

हें पाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बदललें. पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें १९६८ सालीं पुरीं झालीं. कळमनुरीपासून जवळच पैनगंगेवर इसापूरचें धरण १९८२ सालीं झालें. शेतीला त्यांचा जो लाभ झाला तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु मासेमाराच्या दृष्टीनें पाहतां, ज्या ठिकाणीं नदी होती त्या ठिकाणीं लहानसा समुद्र आला. तळ पायाखालून गेला. वाऱ्याला मैल मैल मोकळें मैदान मिळालें. बुडालेल्या झाडांचे बुंधे खालीं दडून राहिले. अशा खोल पाण्यांत फेकजाळें कांठापुरतेंच उरतें. आंत, जेथें कटला, रोहू आणि मृगळ वाढतात, तेथें तरत्या दोरीला लोंबणारें लांब जाळें सायंकाळीं लावून पहाटे काढावें लागतें, आणि तें काम पाण्यालगत बसूनच सोयीचें होतें. पाणी बदललें, पाण्यानें जाळें बदललें, आणि जाळ्यानें माणसाचें आसन बदललें.

मात्र हें बसणें इन्युइट शिकाऱ्याचें बसणें नव्हे. महाराष्ट्रांतील अनेक जलाशयांवर मोटारीच्या चाकाची फुगविलेली ट्यूब किंवा थर्माकोलचे तुकडे बांधून केलेला तराफा घेऊन गरीब मासेमार पाण्यांत उतरतात. ट्यूबमध्यें बसलेला माणूस हातांनींच वल्ह्याचें काम करतो. त्याचें कमरेखालचें अंग सदा पाण्यांत असतें. डॅम्पियरनें तीन शतकांपूर्वीं पाहिलेला एकाकी कोळी तो हाच. त्याला उभें राहणाऱ्याची दृष्टि नाहीं आणि कयाकमध्यें बसणाऱ्याचें कवचही नाहीं; दोन्ही आसनांचे तोटे तेवढे त्याच्या वाट्यास आले आहेत. पौषांतल्या पहाटे, वारा सुटला असतां, पाण्याखालच्या एखाद्या बुंध्यानें ट्यूब फाटली तर त्याच्यापाशीं दुसरा आधार नसतो.

कोणी म्हणेल कीं, ट्यूब स्वस्त आहे, खांद्यावर टाकून नेतां येते आणि एकट्याला सोबत्यावांचून काम करतां येतें. हें सर्व खरें आहे, आणि म्हणूनच ती टिकली आहे. जड होडीचा उपदेश करणाऱ्यानें आधीं हें ध्यानीं घ्यावें. पण हलकेंपणा आणि सुरक्षितता यांत एकच निवडावें लागतें, असा इतिहासाचा दाखला नाहीं. कट्टुमरम वजनानें हलकें, एकाच माणसानें चालविण्याजोगें आणि तरीही न बुडणारें होतें. आज पाश्चात्त्य हौशी लोकांसाठीं ज्या रुंद, बंद पोटाच्या कयाका निघतात, त्यांवर वाऱ्यांत बसतां येतें आणि वारा पडला कीं उभें राहून गळ टाकतां येतो. म्हणजे त्या वादांतले दोन्ही पक्ष शेवटीं कट्टुमरमच्याच वाटेवर येऊन पोंचले आहेत. रविवारच्या करमणुकीसाठीं जें शास्त्र इतकें राबतें, तें रोजच्या भाकरीसाठीं राबूं नये काय? रुंद, न बुडणारा, खांद्यावर नेतां येण्याजोगा तराफा आणि अंगांत घालावयाचें तरतें जाकीट, एवढ्या दोन वस्तूंस फार मोठें ज्ञान लागत नाहीं. मासेमारांच्या सहकारी संस्थांना तलाव ठेक्यानें देतांना मत्स्यबीजाचा हिशेब होतो, तसा ह्या वस्तूंचाही व्हावा.

नदी अडविण्याचा निर्णय समाजाच्या हितासाठीं झाला. त्या निर्णयानें ज्यांच्या पायाखालचा तळ नेला, त्यांना पाण्यावर टेकावयास सुरक्षित जागा देणें हें त्याच समाजाचें देणें आहे. धरण आणि त्यावर पोट भरणारा माणूस यांची सांगड घालावयाची ती येथें.