हवेतला नत्र आणि दाबाची किमया

1898 साली ब्रिस्टलच्या सभेत विल्यम क्रुक्स यांनी एक इशारा दिला. गव्हाच्या शेताला नत्र हवे. ते येते चिली देशातल्या सोऱ्यातून, आणि तो सोरा काही अक्षय नाही. खरे तर हवेत पाचांत जवळजवळ चार भाग नत्रवायूच आहे. पण तो हैड्रोजनशी संयोग पावून त्याचा अमोनिया होईल तर ना!

मेख अशी, की ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते. इकडे अमोनिया बनतो, तिकडे तोच फुटून पुन्हा मूळचे वायू होतात. दोन्हींचा वेग सारखा झाला म्हणजे समतोल आला. हा समतोल कोणीकडे झुकेल याचा नियम फ्रान्सच्या ल शातेलिए यांनी 1884 साली मांडला. बाहेरून ताण आणा, तो हलका होईल त्या बाजूला समतोल सरकतो. आता पाहा: नत्रवायूचे एक माप आणि हैड्रोजनची तीन, अशा चार मापांतून अमोनियाची दोनच मापे होतात. म्हणून दाब वाढवला की अमोनिया वाढतो. शिवाय अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते. म्हणून तापवले की तो घटतो. मग थंडच ठेवावे? तर क्रिया इतकी मंदावते की वाट पाहण्यात जन्म जायचा!

1901 साली ल शातेलिए यांनी स्वतःच दाबाचा प्रयोग केला. यंत्रात हवा राहिली होती. स्फोट झाला, मदतनीस थोडक्यात वाचला, आणि त्यांनी तो नाद सोडला. त्याची खंत त्यांना म्हातारपणीही होती.

जर्मनीत कार्ल्सरूहला फ्रित्स हाबर यांनी साध्या दाबाने, सुमारे 1000 अंशांवर मोजून पाहिले. अमोनिया हजारांत एक भागही भरेना! त्यातून 1907 साली नेर्न्स्ट यांनी हाबर यांचे आकडे भर सभेत चुकीचे ठरवले. हाबर फार दुखावले. पण नेर्न्स्ट यांनी मोजणी केली होती ती वाढत्या दाबाखाली, आणि मला वाटते, ह्या भांडणानेच हाबर यांना दाबाकडे ढकलले. रॉबर्ट ल रॉसिन्योल या कुशल सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी वातावरणाच्या सुमारे 200 पट दाब सोसणारे यंत्र उभे केले. उष्णता ठेवली साडेपाचशे अंशांच्या आसपास, आणि वेगासाठी ऑस्मियम धातूचा उत्प्रेरक घातला. जुलै 1909 मध्ये बाडिश कारखान्याचे कार्ल बॉश आणि आल्विन मिटाश ते पाहायला आले. ऐन वेळी एक बोल्ट तुटला! बॉश निघून गेले. मिटाश थांबले, आणि थेंब थेंब अमोनिया जमताना त्यांनी पाहिला.

पुढले काम बॉश यांचे. तापलेला हैड्रोजन पोलादातला कर्ब खाई आणि नळ्या फुटत. त्यांनी आत मऊ लोखंडाचे अस्तर दिले, बाहेरच्या पोलादाला बारीक भोके पाडली. 1913 साली ओपाऊचा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, चिलीचा सोरा बंद झाला, आणि शेतासाठी म्हणून काढलेला हा अमोनिया नायट्रिक आम्ल होऊन दारूगोळ्याकडे वळला.