गाण्याचे यजमान

गाणें निघतें गळ्यांतून, पण तें उभें असतें पोटावर, ही गोष्ट संगीताच्या इतिहासकारांनीं फारशी मनावर घेतलेली दिसत नाहीं. रागांची उत्पत्ति, घराण्यांच्या वंशावळी, वाद्यांचीं रूपें यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु गाणाऱ्याच्या चुलीस सरपण कोणीं पुरविलें, आणि त्या सरपणाच्या मोबदल्यांत गाण्याकडून काय मागून घेतलें, हा प्रश्न बहुधा तळटीपेंतच राहिला आहे. आज तो पुन्हा पुढें येण्यास एक निमित्त झालें आहे. शीतपेयें, कॉफी व असाच दुसरा माल विकणाऱ्या कंपन्या गेल्या सुमारें दोन दशकांत लोकगीतें, सूफी पदें व आधुनिक सुगम संगीत यांचें मिश्रण करून तें आपल्या नांवानें जगापुढें मांडीत आहेत. त्यांतील सर्वांत नांवाजलेला उपक्रम म्हणजे पाकिस्तानांतील कोक स्टुडिओ होय. आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि तीं गाणीं मोठ्या आवडीनें ऐकिलीं गेलीं. आणि त्याच घरांतून असाहि आक्षेप ऐकूं येतो कीं, बुल्हे शाहाचें पद बाटलीच्या जाहिरातीसाठीं गावें, हा त्या पदाचा उपमर्द आहे. या आक्षेपांत तथ्य किती, हें ठरविण्यापूर्वीं मागें वळून पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, यजमानावांचून वाढलेलें धंदेवाईक लोकसंगीत या उपखंडांत क्वचितच सांपडेल. थरच्या वाळवंटांत, जैसलमेर-बाडमेर भागांत व सरहद्दीपलीकडे सिंधमध्यें, मांगणियार म्हणून गवयांची एक मुसलमान जात आहे. तिचे यजमान बहुतेक राजपूत हिंदू. यजमानाच्या घरीं जन्म असो, लग्न असो, मांगणियारानें यावें, वंशावळ म्हणावी, मंगल गीतें गावीं, आणि धान्य, जनावर, वस्त्र, जें परंपरेनें ठरलें असेल तें घेऊन जावें. त्यांचेच शेजारी लंगा. त्यांचे यजमान सिंधी सिपाही मुसलमान. राजस्थानचे लोकविद्येचे अभ्यासक कोमल कोठारी (१९२९–२००४) यांनीं ही व्यवस्था जन्मभर हिंडून पाहिली व नोंदविली. आपल्याकडे गोंधळ्याचें वा वासुदेवाचें गांवाशीं जें नातें होतें, त्यावरून वाचकांस तिची कल्पना सहज येईल. यजमान गाणें विकत घेत नसे. तो गवयाचें घर पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेई. 

दुसरा यजमान म्हणजे दर्गा. दिल्लीस निजामुद्दीन औलिया व त्यांचा शिष्य अमीर खुस्रो हे दोघेहि इ. स. १३२५ सालीं निवर्तले. तेथें कव्वाली आजहि चालते. सिंधमध्यें भिट शाह येथें शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) याच्या समाधीपुढें फकीर दंबूरा घेऊन त्याचीं पदें गातात. दर्ग्यांतील कव्वालाची नजर ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर असते. एखाद्या ओळीनें कोणाचें भान हरपलें, तर ती ओळ तो पुन्हा पुन्हा घोळवितो. मध्येंच दुसऱ्या कवीच्या शेराची गिरह बांधतो. समोर नजराण्याचे पैसे पडत असतात. येथें गाण्याची लांबी श्रोता ठरवितो, घड्याळ ठरवीत नाहीं.

या व्यवस्थेचें कौतुक करतांना तिची दुसरी बाजू झांकूं नये. मांगणियार हें नांवच मागण्यावरून पडलेलें आहे. ज्याच्या गळ्यावांचून यजमानाचें लग्न लागत नसे, त्याची जागा उंबऱ्यापाशींच असे. जुना आश्रय खात्रीचा होता, पण सन्मानाचा नव्हता. आणि तो जातीनें बांधलेला असल्यामुळें बाहेरील कोणास तेथें शिरकाव नव्हता.

पुढें यंत्र आलें. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गायसबर्ग नांवाचा ध्वनिमुद्रक ग्रामोफोन कंपनीतर्फें कलकत्त्यास आला, आणि त्यानें गौहर जान हिचें गाणें तबकडीवर उतरविलें. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटें मावत. तासभर फुलविण्याचा ख्याल त्या तीन मिनिटांत आवळावा लागला, आणि शेवटीं बाईनें आपलें नांव इंग्रजींत उच्चारून सांगितलें. नव्या यजमानानें गाण्याची लांबी कापली, आणि त्याच कात्रीनें गाणाऱ्या बाईचें नांव कोठीबाहेर, जिनें तिला कधीं पाहिलें नव्हतें अशा दुनियेंत नेऊन पोंचविलें. देणें आणि घेणें या एकाच हाताच्या दोन क्रिया होत्या.

व्यापाऱ्याच्या पैशानें चालणारा संगीताचा कार्यक्रम हीहि कांहीं एकविसाव्या शतकाची कल्पना नव्हे. आणि तिच्या भारतांतील इतिहासांत एका मराठी गृहस्थाचा भाग मोठा आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ सालीं नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचें प्रेम निस्सीम होतें व चित्रपटगीतांविषयीं तितकाच तिटकारा होता. ऑल इंडिया रेडिओवरून तीं गीतें जवळजवळ हद्दपार झालीं. परिणाम असा झाला कीं, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत टूथपेस्ट विकणाऱ्या बिनाकाच्या नांवानें अमीन सयानी यांची ‘गीतमाला’ तेथून सुरू झाली. १९५७ सालीं सरकारला विविधभारती काढावी लागली. सरकारनें जें दार लावलें, तें दुकानदारानें उघडलें. पुढें पाकिस्तानांत जें घडलें, तें समजण्यास ही गोष्ट उपयोगी पडते.

पाकिस्तानांत सरकारनें लोककलेकडे दुर्लक्षच केलें असें नाहीं. १९७४ सालीं इस्लामाबादेंत ‘लोक विरसा’ ही संस्था स्थापन झाली व तिनें खेडोपाडींच्या गायकांचें ध्वनिमुद्रण केलें. परंतु १९७७ ते १९८८ हीं झिया-उल-हक यांच्या अमलाचीं वर्षें तरुणांच्या नव्या संगीतास अनुकूल नव्हतीं. त्या काळाच्या अखेरीस, १९८७ सालीं, ‘व्हायटल साइन्स’ या तरुणांच्या वाद्यवृंदाचें एक देशप्रेमाचें गीत सरकारी टेलिव्हिजनवरून दाखविलें गेलें व घरोघर झालें. थोड्याच वर्षांत पेप्सी कंपनीनें या वृंदास आश्रय दिला. त्यांत कळफलकाचें वाद्य वाजविणारा रोहेल हयात हाच पुढें कोक स्टुडिओचा कर्ता झाला. म्हणजे शीतपेयाचा पैसा आणि गाणें यांची सांगड त्याच्या ऐन तारुण्यांतच पडलेली होती.

याच सुमारास नुसरत फतेह अली खां (१९४८–१९९७) यांनीं दुसऱ्या बाजूनें वाट पाडिली. सहाशें वर्षांची कव्वालीची परंपरा सांगणाऱ्या घराण्यांतील या गायकानें १९९० सालीं मायकेल ब्रुक या पाश्चात्य संगीतकारासह ‘मस्त मस्त’ हा गीतसंग्रह केला. त्यांतील मुख्य गाण्याचें एक इंग्रजी वृंदानें केलेलें रूप १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळीं कोकाकोलाच्या जाहिरातींत वाजलें. दर्ग्यांतील कलंदराची धून आणि बाटली यांची पहिली गांठ ती अशी. कोक स्टुडिओच्या आधीं बारा वर्षें.

२००२ नंतर पाकिस्तानांत खासगी वाहिन्यांस परवाने मिळूं लागले. शीतपेयांच्या बाजारांत तेथें पेप्सीचें पारडें जड होतें, व कोकाकोलास तरुणांचें मन हवें होतें. २००७ सालीं ब्राझीलमध्यें त्या कंपनीनें निरनिराळ्या धाटणीचे गायक एकत्र आणण्याचा एक प्रयोग केला होता. तोच २००८ सालीं पाकिस्तानांत आला आणि रोहेल हयात याच्या हातीं पडून त्याचा सर्वस्वीं कायापालट झाला. एका बंदिस्त दालनांत गिटार, ड्रम, ढोलक, रबाब वाजविणारे एकत्र बसवावयाचे, गायकानें त्यांच्यामध्यें उभें राहून प्रत्यक्ष गावयाचें, आणि तें गाणें सर्वांस फुकट ऐकूं द्यावयाचें, अशी ही रीत होती.

या रीतीनें काय साधलें, तें मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. २००९ सालीं साईं जहूर हा एकतारीवर गाणारा फकीर ‘नूरी’ या तरुण वृंदाबरोबर बुल्हे शाहाचें पद गायिला. साईं जहूर कंपनीनें शोधून काढला असें मात्र नव्हे. दर्ग्यादर्ग्यांतून गात आलेल्या या माणसाला २००६ सालींच बी. बी. सी.नें गौरविलें होतें. पण लाहोर-कराचीच्या इंग्रजी शाळांत शिकलेल्या मुलांनीं तो प्रथम ऐकिला तो येथें. २०१० सालीं आरिफ लोहार यानें चिमटा वाजवीत, मीशा शफी या नव्या चालीच्या गायिकेच्या साथीनें, ‘जुगनी’ म्हटली. तिचा आरंभ सतराव्या शतकांतील सुलतान बाहूच्या पदानें होतो, आणि जुगनी व चिमटा हीं दोन्हीं आरिफचे वडील आलम लोहार (मृत्यु १९७९) यांनीं पंजाबांत गाजविलेलीं. त्याच वर्षीं आबिदा परवीन आल्या. २०११ सालीं फरीद अयाज व अबू मुहम्मद या कव्वाल बंधूंना ‘कंगना’ गाण्यास इतर गाण्यांहून पुष्कळ अधिक वेळ मिळाला. या सर्वांना उंबऱ्याशीं नव्हे, दालनाच्या मध्यभागीं जागा होती, आणि गिटार वाजविणारा त्यांच्या मागें चालत होता. मांगणियाराच्या यजमानाला जें शतकानुशतकें सुचलें नाहीं, तें शीतपेयाच्या व्यापाऱ्यानें केलें, हें कबूल करण्यास संकोच नको.

सरहद्दींचा खेळहि येथें विलक्षण झाला. सप्टेंबर २०१२ पासून जानेवारी २०१६ पर्यंत पाकिस्तानांत यूट्यूबला बंदी होती. त्या काळांत लाहोरच्या श्रोत्यास जें आडवाटेनें मिळवावें लागे, तें पुण्यामुंबईच्या श्रोत्यास सरळ मिळत होतें. मे २०२५ मध्यें भारत सरकारनें पाकिस्तानांत तयार झालेलीं गाणीं व चित्रपट काढून टाकण्याची सूचना येथील सेवांना केली, तेव्हां पाळी उलटली. ज्या गाण्याला दर्ग्याची पायरी आहे, तें बंदी आली तरी तेथें गाइलें जातें. ज्याचें घर केवळ तारेवर आहे, त्याचा दिवा कोणीहि कळ फिरवून मालवूं शकतो.

यश पाहून अनुकरणें झालीं. भारतांत २०११ सालीं अशीच माला निघाली व २०२३ पासून ती ‘कोक स्टुडिओ भारत’ या नांवानें नव्यानें आली. बांगला देशांत २०२२ सालीं पहिल्याच गाण्यांत हाजोंग भाषेचे बोल ऐकूं आले. पाकिस्तानांत नेसकॅफेनें २०१२ सालीं आपलें ‘बेसमेंट’ उघडलें. आणि २०२० सालीं ‘व्हेलो’ या नांवानें एक माला निघाली. व्हेलो म्हणजे ओठाखालीं ठेवावयाची निकोटिनची पुडी. मधुर आवाजाच्या पाठीवर बसून कोणता माल तरुणांच्या घरांत शिरतो, हें पालकांनीं डोळे उघडून पाहण्याजोगें आहे. यजमान कोणीहि चालतो असें जे म्हणतात, त्यांस आमचें एवढेंच उत्तर आहे.

परंतु आमच्या मतें खरा प्रश्न मालाचाहि नाहीं. प्रश्न आहे, तो नात्याचा. कव्वालाच्या पुढ्यांतून ऐकणारा उठला आणि तेथें कॅमेरा आला. ओळ कोठें घोळवावी, हें आतां कोणाचा चेहरा सांगत नाहीं. तीन मिनिटांची तबकडी सहा-सात मिनिटांची झाली, इतकाच काय तो फरक. यांतून एक वेळ मार्ग निघेल. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. भारतांत २०१२ सालीं प्रताधिकाराच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन गीतकार व संगीतकार यांच्या मानधनाच्या वांट्यास संरक्षण मिळालें. तें योग्यच झालें. पण परंपरेच्या गाण्यास कर्ता नसतो. आजीच्या तोंडून आलेलें गीत कोणाचेंच नसतें, म्हणून तें कोणीहि घ्यावें; आणि त्यावर नवा साज चढविला कीं त्या साजाला मात्र मालक असतो. विहीर गांवाची, आणि तिच्यावर बसविलेला पंप तेवढा सातबारावर, असा हा प्रकार आहे.

याचा अर्थ काय होतो, तें २०२२ सालानें दाखविलें. त्या वर्षाच्या आरंभीं कोक स्टुडिओच्या १४ व्या सत्रांत ‘काना यारी’ हें बलुची गाणें आलें. कराचीच्या लियारी वस्तींतील कैफी खलील व ईव्हा बी या तरुणांबरोबर बलुचिस्तानचा लोकगायक अब्दुल वहाब बुगटी त्यांत गायिला, आणि बलुची न समजणाऱ्या लक्षावधि लोकांच्या ओठीं तें गाणें बसलें. त्याच पावसाळ्यांत पाकिस्तानांत महापूर आला. सतराशेंहून अधिक माणसें मेलीं. डेरा मुराद जमाली येथील बुगटीचें मातीचें घर त्यांत गेलें. त्याचें छायाचित्र हातोहात फिरलें, आणि त्याच्यासाठीं मदतीचीं आवाहनें झालीं. पूर कोणा कंपनीनें आणिला नव्हता, आणि तिला त्याचा दोष देणें अन्याय होईल. पण जुन्या व्यवस्थेंत गवयाचें घर पडलें तर तें उभें करणें ही यजमानाची दया नव्हती, त्याचें कर्तव्य होतें. गवयाला तें मागण्याचा हक्क होता, आणि यजमान चुकला तर त्याची नाचक्की करण्याचाहि अधिकार त्यास होता. गीत लक्षावधि लोकांचें झालें, आणि गाणाऱ्याच्या भिंतींची जबाबदारी रीतीनें कोणाचीच राहिली नाहीं.

तेव्हां, व्यापाऱ्याच्या पैशानें सूफी पद विटाळतें, हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. तें पद याहून वाईट यजमानांच्या दारीं जाऊन शुद्धच परत आलें आहे. आमचा आक्षेप उलट आहे: हा यजमान पुरता यजमान झालेला नाहीं. त्यानें गवयास उंबऱ्यावरून आंत घेतलें, हें उत्तम केलें. आतां परंपरेच्या गाण्यांतून जें मिळतें, त्याचा ठराविक वांटा त्या गाणाऱ्यांच्या जमातीकडे, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाकडे व म्हाताऱ्यांच्या पोटाकडे जाईल, अशी लेखी सोय झाली पाहिजे. आलम लोहारांचा चिमटा आरिफच्या हातीं आला, तो एका गाण्याच्या मोबदल्यामुळें नव्हे, तर त्या घरांत चिमट्यावर चूल पेटत होती म्हणून. आज वाळवंटांतील वा बलुचिस्तानांतील गायकाचा मुलगा बापाचें वाद्य उचलतो कीं गांव सोडून शहरांतील कारखान्याची वाट धरतो, यावरून या उपक्रमांचें मोल ठरेल.

आणि शेवटीं आपलाहि विचार केला पाहिजे. फुकट ऐकणारा श्रोता हा या व्यवहारांतील तिसरा यजमान आहे, आणि तो मात्र कांहींच देत नाहीं. निदान गाणाऱ्याचें नांव, त्याचें गांव व पद रचणाऱ्या संताचें नांव एवढें तरी आपण आपल्या मुलांना सांगावें; आणि तो गायक कधीं आपल्या शहरीं आला, तर तिकीट काढून समोर बसावें, म्हणजे त्यास पुन्हा एकदां चेहरे दिसतील.