वाळूचा साचा आणि बिडाचे भांडे

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात शलमोनाच्या मंदिरासाठी झालेल्या पितळकामाची दीर्घ यादी आहे. याखीन व बवाज हे दोन स्तंभ आणि बारा बैलांच्या पाठीवर ठेवलेला ओतीव ‘सागर’ यांनी भाष्यकारांचे लक्ष नेहमीच वेधून घेतले आहे. त्याच यादीच्या अखेरीस भांडी, फावडी व कटोरे यांचाही उल्लेख आहे. त्याकडे मात्र आपण क्वचितच थांबतो. लगेच पुढच्या वचनात हे सारे ओतकाम यार्देनेच्या खोऱ्यात, सुक्कोथ व सारतान यांच्या दरम्यानच्या चिकणमातीच्या जमिनीत झाले, असे सांगितले आहे. मंदिराच्या वैभवाचे वर्णन करताना पवित्र शास्त्राने ओतशाळेची जागाही नोंदवून ठेवली, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. प्रस्तुत लेखात आम्ही स्तंभांकडे न पाहता भांड्यांकडे पाहणार आहोत, आणि त्यासाठी शलमोनाच्या काळापासून बरेच दूर, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडात जाणार आहोत.

साच्याची रीत

ओतकामाचे मूळ तत्त्व सोपे आहे. हव्या त्या वस्तूच्या आकाराची पोकळी तयार करावयाची, वितळलेला धातू तीत ओतावयाचा आणि थिजल्यावर साचा फोडून वस्तू बाहेर काढावयाची. खरे कौशल्य आहे ते पोकळीत. मोठ्या घंटा व तोफा ओतणारे युरोपीय कारागीर चिकणमातीत शेण व केस कालवून साचा बांधीत, तो थरावर थर देऊन वाढवीत आणि विस्तवावर भाजून वाळवीत. या कामास कित्येक दिवस लागत आणि साचा एकदाच उपयोगी पडे.

वाळूच्या साच्याची रीत निराळी आहे. बारीक वाळूत थोडी चिकणमाती व थोडे पाणी मिसळले की ती मुठीत दाबल्यावर आकार धरून राहते. लाकडाचा किंवा धातूचा नमुना, ज्याला कारागीर ‘पॅटर्न’ म्हणतात, पेटीत ठेवून त्याच्या भोवती ही वाळू ठासतात. पेटीचे दोन भाग उघडून नमुना अलगद काढून घेतला की त्याचा ठसा वाळूत राहतो. धातू आत जाण्यासाठी एक वाट ठेवतात आणि वाफ व वायू निघून जावेत म्हणून वाळूत बारीक छिद्रे पाडतात. बीड थिजताना व निवताना सुमारे शंभरास एक या प्रमाणात आकसते. म्हणून नमुना तेवढा मोठा घडवावा लागतो. वस्तू पोकळ हवी असेल तर आत वाळूचाच गाभा बसवितात. साचा भाजावा लागत नाही, एकाच नमुन्यावरून शेकडो साचे होतात, आणि साचा मोडला तरी वाळू पुन्हा कामास येते.

ही रीत फार नवी नव्हती. इटलीच्या बिरिंगुच्चोने धातुविद्येवर लिहिलेला ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५४० साली प्रसिद्ध झाला. त्यात वाळूत ओतण्याचे वर्णन आहे. अडचण होती ती पोट असलेल्या भांड्याची. ज्याचे पोट तोंडापेक्षा रुंद, त्याचा नमुना वाळू न ढासळता बाहेर काढावयाचा कसा? आणि भिंत पातळ ठेवून आतला गाभा मधोमध बसवावयाचा कसा? गरिबाच्या चुलीवरचे भांडे याच प्रश्नापाशी अडले होते.

डार्बी आणि त्याचा साथीदार

हा प्रश्न सोडविणारा अब्राहम डार्बी (१६७८–१७१७) हा क्वेकर पंथाचा होता. क्वेकर लोक शपथ घेत नसत आणि राजमान्य चर्चच्या उपासनेत सामील होत नसत. त्यामुळे विद्यापीठे व सरकारी अधिकारपदे त्यांना जवळजवळ बंदच होती. त्यांच्यातील कितीतरी बुद्धिमान माणसे व्यापाराकडे व कारागिरीकडे वळली, याचे हे एक मोठे कारण होय.

डार्बीने ब्रिस्टल येथे पितळेच्या धंद्यात पाय रोवले होते. पण पितळेची ठोकीव भांडी महाग पडत. तीच भांडी बिडाची करता आली तर सामान्य घरांस परवडतील, असे त्याच्या मनाने घेतले. आरंभीचे प्रयत्न फसले. त्या वेळी त्याच्या हाताखालच्या जॉन थॉमस या वेल्श तरुणाने, आपल्याला चूक कोठे होते ते समजले आहे असे वाटते, असे धन्यास सांगितले आणि दोघांनी मिळून भांडे ओतून दाखविले, अशी आठवण थॉमसच्या घराण्यात जपली गेली. रीत फुटू नये म्हणून ते दार लावून, किल्लीचे भोकही बुजवून काम करीत, असेही त्या आठवणीत आहे. १७०७ साली डार्बीला पेटंट मिळाले. चिकणमातीच्या लगद्याविना, केवळ वाळूत, पोट असलेली बिडाची भांडी ओतण्याची रीत हा त्याचा विषय होता. पेटंट धन्याच्या नावावर झाले. थॉमस मात्र डार्बी घराण्याशी एकनिष्ठ राहिला.

भांड्याने उघडलेला मार्ग

त्यानंतर डार्बीने श्रॉपशायर परगण्यातील कोलब्रुकडेल येथील जुनी भट्टी भाड्याने घेतली आणि १७०९ साली लोणारी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर लोखंड गाळण्यात यश मिळविले. औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात हे वर्ष ठळक अक्षरांत छापले जाते. पण या नव्या लोखंडापासून घडाऊ लोखंड करणे कठीण होते, म्हणून घणाखाली काम करणाऱ्यांना ते नकोसे वाटे. मात्र त्यात सिलिकॉनचे प्रमाण अधिक असल्याने ते साच्यात चांगले वाहत असे आणि पातळ वस्तूतही ठिसूळ पांढरे पडत नसे. म्हणजे पातळ भांड्याला जे लोखंड हवे होते, नेमके तेच ही भट्टी देत होती. वाळूत ओतलेल्या भांड्याला गिऱ्हाईक होते, म्हणूनच कोकवरची भट्टी तग धरून राहिली. पुढे तेथे वाफेच्या यंत्रांचे सिलिंडर ओतले गेले आणि डार्बीच्या नातवाच्या कारकीर्दीत, १७७९ साली, सेव्हर्न नदीवर सुमारे ३७८ टन बिडाचा पूल उभा राहिला. त्याचे सांधे सुताराप्रमाणे कूस व खाच घालून जोडलेले आहेत. या साऱ्या वैभवाच्या मुळाशी एक स्वयंपाकाचे भांडे आहे, हे विसरता कामा नये.

साच्याला विवेक नसतो

येथेच थांबलो असतो तर हा लेख एका धार्मिक उद्योजकाची गौरवगाथा झाला असता. परंतु इतिहासाने आणखीही काही सांगून ठेवले आहे. ज्या ब्रिस्टलमध्ये डार्बीने धंदा उभारला, तेथील पितळी माल पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन माणसांच्या मोबदल्यात दिला जात असे. गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या सभासदास पंथाबाहेर काढण्याचा निर्णय इंग्लंडच्या क्वेकरांनी १७६१ साली घेतला. तोवर डार्बीच्या मृत्यूला ४४ वर्षे लोटली होती. आणि ज्यांचा पंथ युद्धास पाप मानीत होता, त्यांच्याच कोलब्रुकडेलमध्ये १७४० च्या दशकात तोफाही ओतल्या गेल्या.

या माणसांस ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते न्यायाचे वाटत नाही. उपासनासभेत जे स्पष्ट दिसे, ते हिशेबाच्या वहीत दिसण्यास त्यांना कित्येक वर्षे लागली, एवढेच खरे. आणि हा दोष केवळ त्यांचा नाही. वाळू भांड्याचा ठसा जितक्या इमानाने धरते, तितक्याच इमानाने तोफेचाही धरते. काय ओतावयाचे हे साच्याबाहेर ठरते, आणि ठरविणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागतो.

आपल्या ओतशाळा

हा विषय आपल्या वाचकांस परका नाही. बेळगाव व कोल्हापूर येथील फाउंड्रींत आजही ओलसर वाळूचे साचे ठासले जातात. त्याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी तो घेईनात. भीती खोटी ठरली आणि नांगर शेतोशेती पोहोचला.

विषाची खरी भीती मात्र ओतशाळेतच आहे. थंड झालेला साचा फोडताना आणि वस्तूला चिकटलेली वाळू घासून काढताना सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेली की फुप्फुसात घट्ट व्रण होतात. सिलिकोसिस नावाचा हा रोग बरा होत नाही. तो टाळता येतो. वाळू ओलसर ठेवणे, धूळ जागच्या जागी ओढून घेणारी यंत्रे बसविणे, योग्य मुखपट्टी देणे आणि कामगारांची नियमित तपासणी करणे हे त्याचे उपाय सर्वज्ञात आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही या रोगाची माहिती अधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक केले होते.

धर्मगुरू म्हणून आम्ही अशा घरी जातो तेव्हा खोकणाऱ्या माणसासाठी प्रार्थना करतो, आणि ती केलीच पाहिजे. पण तो कोठे काम करतो, किती वर्षे करतो, तेथे धूळ ओढणारे यंत्र चालू असते की बंद, हे आम्ही विचारतो काय? आमच्याच मंडळीत कारखान्याचा मालक पुढच्या बाकावर बसत असेल, तर त्यालाही विचारतो काय? हिशेबाची वही न पाहण्याचा क्वेकरांचा दोष आमच्याकडून असाच घडत असतो.

जखऱ्या संदेष्ट्याच्या अखेरच्या अध्यायात एक विलक्षण दर्शन आहे. त्या दिवशी प्रभूच्या मंदिरातील साधी भांडी वेदीपुढील कटोऱ्यांसारखी होतील. इतकेच नव्हे, तर यरुशलेमेतील व यहूदातील प्रत्येक भांडे प्रभूला पवित्र होईल. शलमोनाचे स्तंभ बाबेलच्या सैन्याने फोडून नेले. संदेष्ट्याने आशा बांधली ती घराघरांतील भांड्यांवर. चुलीवरचे भांडे जर पवित्र व्हावयाचे असेल, तर ते ज्या वाळूत ओतले गेले ती वाळू, ती ठासणारे हात आणि त्या हातांच्या मालकाची फुप्फुसे यांचाही त्या पावित्र्यात वाटा असला पाहिजे. यार्देनेच्या खोऱ्यातील ओतशाळेची जागा शास्त्राने नोंदवून ठेवली आहे. आपल्या परिसरातील ओतशाळांची जागा आपणांस माहीत असावी, एवढी अपेक्षा तरी आम्ही स्वतःपासून आणि आमच्या सहकारी सेवकांपासून ठेवतो.